‘कायतान’ या नांवाची व्युत्पत्ति व एका कागदाचा काल

(१)

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील जुन्या घरांतून जे कागद अजून हातीं लागतात, ते बहुधा किरकोळ असतात. सनदा, महजर, निवाडपत्रें यांची वाट पूर्वींच लागलेली असते. कांहीं वाळवीनें खाल्लीं, कांहीं भाऊबंदांनीं वांटून घेतलीं, कांहीं वकिलांच्या दप्तरांत गेलीं तीं परत आलींच नाहींत. मागें राहतात त्या याद्या, रोजकीर्दीचे बंद आणि हवालदारानें पाटलास धाडलेल्या चार-सहा ओळींच्या चिठ्या. आम्ही शिक्षकाच्या पेशांत असतांना सुटीच्या दिवसांत असले कागद पाहत असूं; आतां पेशांतून मोकळे झाल्यावर दुसरें कांहीं करीत नाहीं. अशा कागदांत थोर इतिहास क्वचितच सांपडतो. परंतु ज्या माणसाचा अन्यत्र कोठेंही उल्लेख नाहीं अशा माणसाचें नांव मात्र सांपडतें. नांवांवरून इतिहास वाचण्याची दृष्टि महाराष्ट्रास राजवाड्यांनीं दिली. ती दृष्टि वापरतांना पाय कोठें घसरतो, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. पाय घसरलेल्यांत आमचीही गणना करावी लागेल, हें आरंभींच सांगून टाकतों.

प्रकृत विषय एका नांवाचा आहे. शहापुराजवळच्या एका घरांतील चिठींत ‘कायतान’ असें नांव आलें आहे. आमचे एक स्नेही, ज्यांच्या संग्रहाचा आम्हांस नेहमीं उपयोग झाला आहे, त्यांनीं या चिठीवर एक टिपण संग्राहकांच्या बैठकींत वाचलें. त्यांत त्यांनीं चिठीचा काल इ. स. १६३९-४० ठरविला, ‘कायतान’ हें नांव संस्कृतोद्भव ठरविलें आणि त्यावरून माहुलीच्या परिसराविषयीं कांहीं अनुमानें काढलीं. हीं अनुमानें आतां गांवांत पसरलीं असून गडाच्या वाटेवर तशा मजकुराचा फलक लावण्याचें घाटत आहे. फलक एकदां लागला म्हणजे तो पुसणें कठीण, म्हणून हें लिहिण्याची त्वरा केली.

(२)

प्रथम कागद कसा आहे तें सांगतों. लांबी वीतभर, रुंदी त्याच्या निम्म्याहून कांहींशी कमी, लिपि मोडी, ओळी सात. वरचा उजवा कोपरा गेला आहे व चवथ्या ओळींत किडीनें पाडलेलें एक भोंक आहे. मजकूर साधा आहे: दोघां गोलंदाजांस पोटास भात द्यावें, हयगय न करावी, म्हणून पाटलास ताकीद. दोघांपैकीं एकाचें नांव कोपऱ्याबरोबर नाहींसें झालें. दुसऱ्याचें ‘कायतान’ हें नांव स्वच्छ वाचतां येतें. मितीच्या ठिकाणीं सुहूर सन दिला आहे. तो ‘सु॥ अर्बैन’ येथपर्यंत दिसतो. पुढें तें भोंक आहे आणि भोंकापलीकडे ‘अलफ’ हा शब्द आहे. वार दिलेला नाहीं व चांद्रमासाचें नांव कोपऱ्यांत गेलें, त्यामुळें मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उघडून निकाल लावण्याची सोय नाहीं.

मोडी वाचणारांस सांगणें नलगे कीं, अर्बैन म्हणजे चाळीस, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार. ‘अर्बैन अलफ’ म्हणजे सुहूर १०४०. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १६३९ च्या मृगापासूनचें वर्ष येतें. ‘अर्बैन मया अलफ’ म्हणजे ११४०; तें वर्ष इ. स. १७३९ च्या मृगापासूनचें. मध्यें ‘मया’ हा एकच शब्द; आणि बरोबर त्याच जागीं भोंक. एका शतकाचा वाद एका किडीनें उत्पन्न केला आहे.

(३)

आमच्या स्नेह्यांचें मत आम्ही त्यांच्याच क्रमानें व शक्य तितक्या न्यायानें मांडतों. त्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, भोंकांत केवळ ‘व’ हें अक्षर होतें. ‘अर्बैन व अलफ’ असा पाठ घ्यावा. सन १६३६ मध्यें शहाजी राजांनीं माहुलीवर मोंगल व आदिलशाही फौजांस तोंड दिलें आणि अखेर गड सोडला. त्यानंतर तीनच वर्षांनीं या भागांत गोलंदाजांची सोय लावली जात होती, असा या कागदाचा अर्थ होतो व त्यामुळें त्याचें मोल फार वाढतें.

दुसरें म्हणणें नांवाविषयीं आहे. ‘कायतान’ हा ‘कायायतन’ या समासाचा अपभ्रंश. काय म्हणजे शरीर, आयतन म्हणजे स्थान. देहरूपी मंदिरांत राहणारा, अर्थात् आत्मा, असें हें नाथपंथी वळणाचें नांव असावें. मुरबाडाच्या बाजूस गोरखगड व मच्छिंद्रगड आहेतच, त्यामुळें नाथपंथाचा संबंध येथें अस्वाभाविक नाहीं. हें न पटल्यास ‘केतन’ या शब्दापासून तें व्युत्पादावें, असा पर्याय त्यांनीं दिला आहे.

तिसरें म्हणणें त्यांनीं केवळ सूचना म्हणून मांडलें आहे. हें नांव परकीयच मानावयाचें झाल्यास तें फिरंग्यांचें कशास मानावें? नाणेघाटानें रोमक व्यापार चालत असे. त्या काळचें एखादें रोमक नांव घाटाखालच्या लोकांत टिकून राहिलें असेल.

यांपैकीं दुसरें म्हणणें एके काळीं आमचेंच होतें. ‘कायतान’ नांवाचा एक विद्यार्थी आमच्या वर्गांत होता आणि त्याच्या नांवाचा अर्थ त्यास ‘देहमंदिर’ असा सांगून आम्हीं त्याची व वर्गाची समजूत घातली होती. मुलगा खुष झाला, त्याचे वडील शाळेंत येऊन नम्रपणें म्हणाले, “गुरुजी, हें नांव आमच्या आज्याचें आहे, आणि सात आगष्टला त्याचा सण असतो.” त्या वाक्यांत सर्व उत्तर होतें, परंतु कोशाशिवाय दुसऱ्या साक्षीस किंमत न देण्याची आमची तेव्हांची खोड असल्यामुळें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं.

(४)

आतां संस्कृत व्युत्पत्तीचा विचार करूं. काय व आयतन यांचा संधि ‘कायायतन’ असा होतो. त्यांतील एक ‘आय’ गळाला असें मानलें तरी ‘कायतन’ उरतें. ‘कायतान’ होत नाहीं. आयतन शब्दांतील तकार ऱ्हस्व अकारान्त आहे आणि कागदांतील ता स्पष्ट काना देऊन लिहिला आहे. मोडींत वेलांटी व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत, म्हणून कान्याचाही भेद पाळीत नाहींत असें नव्हे. चिठी लिहिणाऱ्या कारकुनानें त्याच ओळींतील ‘भात’ शब्दांत भा-स काना दिला आहे व त-स दिलेला नाहीं. तेव्हां त्यास काना कोठें द्यावा हें कळत होतें.

‘केतन’चा पर्याय याहून दुर्बल आहे. प्राकृतांत ‘अय’ चा ‘ए’ होतो, हा नियम विद्यार्थ्यांसही ठाऊक असतो. नयति याचें नेइ होतें. त्याच्या उलट, ‘ए’ फुटून त्याचा ‘आय’ झाल्याचें उदाहरण आमच्या स्नेह्यांनीं दिलेलें नाहीं व आम्हांसही आठवत नाहीं. नदी घाट चढून वर जात नाहीं.

सर्वांत मोठी अडचण तकाराची आहे. दोन स्वरांमधील एकाकी त् महाराष्ट्रींत टिकत नाहीं. मातेची माय झाली, शताचें शें झालें, घाताचा घाव झाला. जर ‘कायतान’ हा शब्द आमच्या भाषेंत प्राकृताच्या वाटेनें उतरला असता, तर त्याचा तकार वाटेंतच गळाला असता. तो गळाला नाहीं, यावरून दोनच गोष्टी संभवतात: एक तर तो तत्सम शब्द आहे, म्हणजे पंडितांनीं संस्कृतांतून जसाचा तसा उचललेला; किंवा प्राकृताचे नियम संपून गेल्यावर तो बाहेरून आलेला आहे. तत्सम म्हणावा तर संस्कृतांत ‘कायतान’ असा शब्द नाहीं. मग दुसरा पक्षच उरतो.

याच न्यायानें नाणेघाटाची सूचनाही निकालांत निघते. वैशाखऱ्याहून वर चढणारी ती वाट सातवाहनांच्या काळीं कल्याण व सोपारा या बंदरांस जुन्नर-पैठणशीं जोडीत होती, हें निर्विवाद आहे. पण तेथील लेण्यांत नायनिका, सिमुक, सातकर्णि अशीं नांवें आहेत. रोमक नांव एकही नाहीं. घाटमाथ्यावर जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचीं इरिल, चिट, चंद अशीं नांवें आढळतात. त्यांच्या मुळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, तथापि त्यांपैकीं एकाचेंही ‘कायतान’शीं साम्य नाहीं. शिवाय त्या काळीं एखादें असें नांव आलें असतें, तर त्याचाही तकार प्राकृताच्या तडाख्यांतून वांचला नसता. नाणेघाटाचें महत्त्व स्वयंसिद्ध आहे. तें वाढविण्यासाठीं त्याच्या माथ्यावर हें ओझें देण्याचें कारण नाहीं.

(५)

मग या नांवाचें मूळ कोणतें? तें लातिन आहे. आणि संस्कृत शिकलेल्या माणसास त्याची घडण समजावयास मुळींच कठीण नाहीं. रोमच्या दक्षिणेस समुद्रकांठीं कायेता नांवाचें प्राचीन बंदर आहे. आज त्यास गाएता म्हणतात. ‘कायेता’ या नांवास ‘आनुस्’ हा प्रत्यय लागून ‘कायेतानुस्’ असें विशेषण होतें. अर्थ ‘कायेता येथील’. रोमा–रोमानुस् हें याच घडणीचें दुसरें उदाहरण. पाणिनीच्या तद्धित प्रकरणांत ‘तेथें झालेला’, ‘तेथून आलेला’, ‘तेथें ज्याचा निवास आहे तो’ अशा अर्थीं प्रत्यय सांगितले आहेत, आणि वृत्तिकार माथुर, स्रौघ्न हीं उदाहरणें देतात. मथुरेचा तो माथुर, तसा कायेतेचा तो कायेतानुस्. म्हणजे हें नांव देह, मंदिर, आत्मा यांपैकीं कशाचेंही वाचक नसून एका गांवाच्या नांवावरून पडलेलें आहे. आपल्याकडील ‘जुन्नरकर’, ‘कल्याणकर’ यांच्याच पंक्तीचें. फरक इतकाच कीं, आपल्याकडे असलें नांव उपनाम झालें, तिकडे तें व्यक्तिनाम झालें.

खुद्द ‘कायेता’ या ग्रामनामाचें मूळ विचारल्यास प्राचीनांतच एकमत नाहीं. व्हर्जिल कवीनें आपल्या महाकाव्याच्या सातव्या सर्गाच्या आरंभीं ईनियसाच्या दाईचें नांव कायेता होतें व ती तेथें निवर्तली म्हणून गांवास तें नांव पडलें, असें सांगितलें आहे. भूगोलकार स्त्राबो हा लाकोनियाच्या ग्रीक बोलींतील पोकळी अथवा गुहा या अर्थाच्या शब्दाशीं त्याचा संबंध जोडतो. पहिली कथा आपल्या स्थलमाहात्म्यांच्या जातीची आहे. दुसरी व्युत्पत्ति आहे, पण तीही ऐकीव. आमच्या प्रयोजनास गांवाच्या पलीकडे जाण्याची गरज नाहीं. नांव गांवावरून पडलें हें सिद्ध आहे आणि त्यास साक्षी पुष्कळ आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेला आठवा बोनिफास हा ज्या घराण्यांतला, त्या घराण्याचें नांवच कायेतानी. लूथर याची सन १५१८ मध्यें आउग्सबुर्ग येथें चौकशी करणारा कार्डिनल तोमासो दे व्हिओ हा गाएता येथें जन्मला, म्हणूनच तो ‘कायेतानुस्’ या नांवानें इतिहासास ठाऊक आहे.

परंतु या नांवाचा प्रसार झाला तो या दोघांमुळें नव्हे. व्हिचेंत्सा येथें सन १४८० मध्यें जन्मलेला व नेपल्स येथें ७ आगष्ट १५४७ रोजीं निवर्तलेला थिएने घराण्यांतील गाएतानो हा साधुपुरुष त्यास कारण झाला. त्यानें सन १५२४ मध्यें सहकाऱ्यांसह एक धर्मसंघ स्थापिला. सहकाऱ्यांपैकीं एक थेआते गांवचा बिशप असल्यामुळें संघास थेआतीन हें नांव पडलें. येथेंही तोच तद्धित न्याय! या गाएतानोस सन १६२९ मध्यें धन्य व सन १६७१ मध्यें संत म्हणून रोमनें जाहीर केलें. रोमन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत मुलास संताचें नांव ठेवण्याची चाल असल्यामुळें त्या पुढें इटलींत गाएतानो, स्पेनांत कायेतानो, पोर्तुगालांत काएतानु अशीं नांवें सर्रास दिसूं लागलीं. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं सांगितलेला ७ आगष्टचा सण तो हाच.

पोर्तुगीज उच्चारांत आघात ‘ता’ वर असतो व अखेरचा स्वर अगदीं अस्फुट असतो. म्हणून आमच्या किनाऱ्यावर ‘ता’ दीर्घ राहिला व अंत्य स्वर गळाला: काएतानु–कायतान, जसें आंतोनियुचें आंतोन. ज्या कान्यामुळें ‘आयतन’चा पक्ष बाद झाला, तोच काना येथें व्यवस्थित लागू पडतो. खऱ्या व्युत्पत्तीची ही एक खूण आहे, कीं तींत अक्षरांची मनधरणी करावी लागत नाहीं.

(६)

थेआतीन साधु गोव्यांत सन १६४० मध्यें आले. जुन्या गोव्यांतील त्यांचें भव्य मंदिर आजही संत कायतानाचें म्हणून ओळखलें जातें. सन १७०२ ते १७०७ पर्यंत गोव्याचा विजरई काएतानु दे मेलु ए काश्त्रु हा होता. गोमंतकीयांत हें नांव किती रुजलें, तें दोन उदाहरणांवरून कळेल. पारीस नगरांत संमोहनविद्येमुळें प्रसिद्धीस आलेला आबे फारीया याच्या बापाचें नांव काएतानु व्हितोरीनु. आणि सन १७८७ च्या पिंटोंच्या बंडांतील एक प्रमुख धर्मगुरु काएतानु फ्रांसिश्कु द कोउतु. दोघेही याच भूमीचे पुत्र.

वसई प्रांत तर आमच्या अगदीं शेजारचा. सन २०१४ मध्यें पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई व शहापूर-मुरबाड एकाच ठाणें जिल्ह्यांत होते. वसईच्या मोहिमेंत, म्हणजे १७३७ ते १७३९ या काळांत, उत्तरेकडील फिरंगी सत्तेची सूत्रें ज्यांच्या हातांतून गेलीं त्या पांच जणांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत: लुईश बोतेल्यु, आंतोनियु कार्दिं फ्रोइश, पेद्रु दे मेलु, मार्तिन्यु द सिल्व्हैर आणि काएतानु दे सोझ. पेद्रु दे मेलु डिसेंबर १७३८ मध्यें ठाण्यावरील हल्ल्यांत पडला. मार्तिन्यु वसईच्या वेढ्यांत पडला. आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आपांशीं तह करून किल्ला खालीं करून देण्याचें काम काएतानुच्या नशिबीं आलें.

हीं पांचही नांवें पोर्तुगीज. म्हणून पांचही मूळचीं लातिन, असें मात्र समजूं नये. लुईश हें जर्मानिक ‘ख्लोदोविग्’ याचें रूप. त्याचा पूर्वार्ध ‘विश्रुत’ या अर्थाचा व आपल्या ‘श्रुत’ शब्दाचा सगोत्र, उत्तरार्ध युद्धवाचक. आंतोनियु हें रोमन कुलनाम, पण तें बहुधा एत्रुस्कन असावें असें मानतात. त्या कुळाचे लोक स्वतःस हेराक्लेसाचा पुत्र आंतोन याचे वंशज म्हणवीत, असें प्लुतार्क सांगतो. फूल या अर्थाच्या ग्रीक शब्दाशीं जोडलेला संबंध तर मागाहूनचा व खोटा. पेद्रु म्हणजे ग्रीक ‘पेत्रोस्’, पाषाण. तोही एका आरमाइक शब्दाचा अनुवाद. मार्तिन्यु हें मार्स या युद्धदेवतेवरून. त्या मार्साची आपल्या मरुतांशीं जुन्या पंडितांनीं घातलेली सांगड आज सिद्ध मानीत नाहींत. राहिला काएतानु, तो कायेतेचा. पांच सेनानी, पण नांवांचीं कुळें निरनिराळीं. नुसत्या ध्वनिसाम्यावर जो विसंबेल, त्यानें या पांचांची एकदां परीक्षा करून पाहावी.

(७)

आतां कागदाच्या कालाकडे वळतों. चिठी सन १६३९-४० ची मानल्यास, त्या वेळीं गोलंदाजी करणारा कायतान निदान वीस वर्षांचा तरी धरला पाहिजे. म्हणजे त्याचें नांव १६२० च्या आधीं ठेवलेलें. तेव्हां गाएतानोस धन्य म्हणूनही जाहीर केलेलें नव्हतें व त्याच्या संघाचा एकही साधु गोव्यांत उतरला नव्हता. अशा वेळीं उत्तर कोंकणांतील सामान्य कुटुंबांत हें नांव ठेवलें जाणें अशक्य नसलें तरी अत्यंत असंभाव्य आहे. चिठी सन १७३९-४० ची मानल्यास तीच गोष्ट अगदीं स्वाभाविक होते. वसई नुकतीच पडलेली. फिरंग्यांचें राज्य गेलेलें. तोफ चालविणारे लोक नव्या धन्याच्या चाकरींत शिरत असलेले. आणि त्या पिढीत कायतान हें नांव सर्वत्र प्रचलित.

केवळ नांवावर सन ठरवावा असें आम्ही म्हणत नाहीं. म्हणून कागद पुन्हां मागून घेतला व भोंक मोजलें. ज्या ओळींत भोंक आहे, त्याच ओळींतील अक्षरांवर दोरा धरून पाहतां, भोंकाच्या जागेंत तीन अक्षरें पुरीं बसतात. ‘व’ हें एक अक्षर तेथें होतें असें मानल्यास दोन अक्षरांची जागा रिकामी सोडल्याचें कारण सांगावें लागेल. मोडी लिहिणारा कारकून एका टांकानें ओळ ओढीत जातो, तो मध्येंच अशी जागा सोडीत नाहीं. ‘मया व’ हीं तीन अक्षरें मात्र तेथें नेमकीं बसतात. शिवाय भोंकाच्या डाव्या कांठावर मकाराच्या आरंभाची म्हणतां येईल अशी शाईची एक रेघ भिंगांतून दिसते. तिच्यावर आम्ही भार देत नाहीं, कारण ज्यास मकार पाहावयाचा आहे त्यास तो दिसतोच. अक्षराचें वळण शिवकालापूर्वींचें नसून पेशवाईंतील गोल वळणाकडे झुकणारें आहे. नांव, भोंक व वळण हे तीन साक्षी स्वतंत्र असून एकच गोष्ट सांगतात. म्हणून आम्ही ‘सु॥ अर्बैन मया व अलफ’ असा पाठ घेतों व कागद सन १७३९-४० चा मानतों.

आमच्याविरुद्ध काय म्हणतां येईल, तेंही सांगतों. संत जाहीर होण्यापूर्वींही हें नांव क्वचित् ठेवीत असत; खुद्द त्या संताचें नांव त्याच्याच घराण्यांतील, सन १४६५ मध्यें वारलेल्या पादुआच्या एका तत्त्वज्ञाचें होतें. तेव्हां एखाद्या इटालियन माणसाच्या संबंधानें तें येथें आधीं आलें असणें कल्पनेच्या बाहेर नाहीं. पण अपवाद कल्पितां येतो एवढ्यानें तो सिद्ध होत नाहीं. ज्याचा पक्ष अपवादावर उभा आहे, त्यानें अपवादाचा पुरावा द्यावा. संग्राहकांस आमची इतकीच सूचना आहे कीं, उत्तर कोंकणच्या कागदांत सामान्य माणसाचें कायतान हें नांव आढळल्यास व कागदाचा सन सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला दिसल्यास, सन पुन्हां एकदां तपासावा. संतांचीं नांवें हीं नाण्यांसारखीं असतात. तीं पाडलीं जाण्यापूर्वीं बाजारांत येत नाहींत.

(८)

शेवटीं पद्धतीविषयीं थोडें. सर विल्यम जोन्स यानें सन १७८६ मध्यें संस्कृत, ग्रीक व लातिन या एका मूळच्या भाषा असल्याचें मत कलकत्त्यास मांडलें, तेव्हांपासून आमच्याकडे दोन निरनिराळ्या गोष्टींचा घोटाळा चालत आला आहे. एक गोष्ट सगोत्रता, दुसरी उसनवार. लातिन ‘पातेर्’ व आपला ‘पितर’ हे भाऊ आहेत. कोणी कोणापासून घेतलेले नाहींत. पण त्या ‘पातेर्’चा पोर्तुगीज वंशज ‘पाद्रि’ आमच्याकडे ‘पाद्री’ होऊन आला, तो पाहुणा आहे. पाद्री शब्द संस्कृत ‘पितृ’ पासून निघाला असें म्हणणें म्हणजे पाहुण्यास आपल्याच पोटचा ठरविणें होय. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असलीं समीकरणें मांडणारांनीं हा भेद न ओळखल्यामुळेंच विद्वानांत आमचें हंसें झालें.

मुरबाडचा शेतकरी घमेलें डोक्यावर घेतो, घराची चावी कमरेस खोंवतो, मुलाच्या पगाराची वाट पाहतो व चहाबरोबर पाव खातो. हे चारही शब्द पोर्तुगीजांमार्फत लातिनांतून आलेले आहेत आणि त्यामुळें त्याचें मराठीपण तिळभरही उणें झालेलें नाहीं. शब्द पाहुणा असला म्हणजे तो परका राहतोच असें नाहीं. मग एक नांव तेवढें परक्या मुळाचें निघालें, तर त्यास संस्कृताचें सोंवळें नेसविण्याची घाई आपणांस कां व्हावी?

आमच्या स्नेह्यांस हें टिपण छापण्यापूर्वीं वाचून दाखविलें. भोंकाचें माप त्यांनीं स्वतः दोरा धरून पडताळलें व तें मान्य केलें; सनाविषयीं मात्र ते अजून विचार करीत आहेत. फलकाचा मजकूर तोंवर थांबविण्याचें त्यांनीं कबूल केलें, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

त्या गोलंदाजाविषयीं आपणांस आणखी कांहीं कळण्याचा संभव नाहीं. तो वसईकडचा होता कीं गोव्याकडचा, त्यास भात वेळेवर मिळालें कीं नाहीं, त्याचा जोडीदार कोण, हें सारें कोपऱ्याबरोबर गेलें. त्याचें म्हणून उरलें आहे तें एक नांव. त्यास कायायतन किंवा केतन म्हटलें म्हणजे त्याचा धर्म जातो, त्याचा काल शंभर वर्षांनीं चुकतो, आणि ज्या घरांत तें नांव आज्याकडून नातवाकडे अजून चालत आलें आहे त्या घरची साक्षही आपण खोटी ठरवितों. ती साक्ष आमच्यासमोर शाळेच्या ओसरीवर एकदां उभी राहिली होती. तेव्हां ती घेतली नाहीं, ती आतां येथें नोंदवून ठेवितों.